गुडघ्यांच्या हिशेबाने लिस्बन

दिवस पहिला, सोमवार

फ्रँकफर्टला दादाकडे महिनाभर राहून परत निघायच्या आधी आईला एकच गाव बघायचं होतं, आणि ते पॅरिस नव्हतं. "ते आपल्याकडे दोनशे वर्षं राहून गेले. एकदा त्यांचंही घर बघून येऊ," एवढंच ती म्हणाली. आम्ही वसईचे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून घेतली. आई शाळेत शिक्षिका होती. मुलांना किल्ल्यात सहलीला नेऊन ही लढाई तिने इतक्यांदा सांगितली आहे की सुरुंग उडाला त्या दिवशी ती तिथे हजर असावी असं वाटतं.

वय चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे कुरकुरतात. त्यामुळे घर घेताना मी फक्त "लिफ्ट आहे" हे बघितलं होतं. दारात पोचल्यावर कळलं की लिफ्ट आहे, चालत नाही. घरमालकाने फोनवर तीनदा माफी मागितली आणि चौथ्या मजल्यावर या म्हणाला. एकसष्ट पायऱ्या. मी मोजल्या, आईने प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांना नावं ठेवली.

घर बायशात, म्हणजे नदीकाठच्या सपाट भागात. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, इमारती एका उंचीच्या. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट आली आणि मग कित्येक दिवस आग चालली. हा भाग पुसूनच गेला. राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याने तो नव्याने बांधून घेतला. भिंतींच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा घालायचा, म्हणजे जमीन हलली तरी घर डुलेल पण कोसळणार नाही, अशी युक्ती. नमुन्याचं घर उभारून त्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवलं आणि हादरे बसवून बघितले, असं सांगतात. एकसष्ट पायऱ्या लाकडाच्याच होत्या आणि आमच्या बॅगांनी त्यांना पुरेसे हादरे दिले.

संध्याकाळी फक्त रुआ दु आर्सेनालपर्यंत गेलो. तिथल्या दुकानांत बाकाल्याऊ, म्हणजे खारवलेला सुका कॉड मासा, दारातच रचून ठेवलेला असतो. पुठ्ठ्यासारखा कडक, मिठाने पांढरा. आई फुटपाथवर थांबली, नाक वर केलं. "पाचूबंदर," ती म्हणाली. बोंबील वाळत घातलेले असतात तेव्हा आमच्या कोळीवाड्यावरून येणारा तोच वास, जरा थंड करून ठेवल्यासारखा. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही, थेट नॉर्वे-आइसलँडकडून येतो. आईला हे सांगितल्यावर तिने जे तोंड केलं ते फक्त मासे खाणाऱ्या घरातच समजेल.

रात्री काल्दु व्हेर्द नावाचं सूप. बटाटा शिजवून घोटलेला आणि वर हिरव्या पानांची केसासारखी बारीक चिरलेली भाजी. या भाजीला ते 'कोव्ह' म्हणतात. आमचा कोबी तो हाच. बटाट्याला बटाटाच म्हणतात. जेवण झाल्यावर वेटरने विचारलेल्या वाक्यातला 'पागार' एवढाच शब्द मला कळला. पैसे देणे! महिन्याच्या एक तारखेला आम्ही ज्याची वाट बघतो तो शब्द तो पोरगा टेबलाटेबलाशी वापरत फिरत होता.

दिवस दुसरा, मंगळवार

आजची दुपार जुन्या गावासाठी. अल्फामा हा लिस्बनचा सर्वांत जुना भाग. नाव अरबी, 'अल-हम्मा' म्हणजे गरम पाण्याचे झरे. राजा अफोन्सु हेन्रिक्शने ११४७ साली मूर, म्हणजे मुसलमान, लोकांकडून शहर घेतलं, पण गल्ल्यांची गुंतवळ मूरांचीच राहिली. आणि भूकंपातही हा टेकडीवरचा भाग बराचसा वाचला. म्हणजे वसईला आलेले कॅप्टन, पाद्री, मेस्त्री ज्या गावातून जहाजावर चढले, त्या गावाची चण बघायची तर इथेच.

योजना माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. टॅक्सीने थेट टेकडीच्या माथ्यावर जायचं आणि मग सगळी दुपार खाली उतरत यायचं. चढ नाहीच. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखतात ही गोष्ट आईने मला नंतर, अर्ध्या उतारावर, सांगितली.

साडेबाराला साऊं व्हिसेंत द फोराच्या मठापाशी उतरलो. मंगळवार होता हे आमचं नशीब, कारण मठाच्या मागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. नाव फेइरा दा लाद्रा. 'लाद्रा' म्हणजे चोरटी बाई. मुंबईच्या चोरबाजाराची ही बहीण. चादरी अंथरून त्यावर कपबशा, लष्करी बटणं, रेडिओ, बाहुल्यांचे सुटे हात. निळ्या-पांढऱ्या जुन्या फरशाही एकेकट्या विकायला होत्या. कुणाच्या घराच्या भिंतीवरून निघाल्या असतील असं वाटून त्यांना हात लावावासा वाटला नाही.

आई एका म्हाताऱ्यापाशी रमली. त्याच्याकडे लोखंडी सामान होतं: बिजागऱ्या, कोयंडे, कड्या आणि एका लाकडी घमेल्यात किल्ल्या. सत्तर-ऐंशी तरी. तिने एक उचलली. वीतभर लांब, दांडा पोकळ, मुठीकडे त्रिदळी पानाची नक्षी, दात दोनच पण जाड, गंज खरवडून तेल लावलेलं. ती हातात तोलत आई मला म्हणाली, "केवढी चावी!"

म्हातारा चपापला. "चावी?"

मग त्याने किल्लीकडे बोट केलं. "शाव्." लिस्बनमध्ये 'चावी'ला 'शाव्' म्हणतात. पण त्याने लगेच छातीवर हात ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तो उत्तरेच्या डोंगराकडचा आहे आणि त्याची आजी 'चाव्'च म्हणायची. "चाव्, चाव्," असं तो दोनदा म्हणाला, जणू आजीच समोर उभी राहिली होती.

हे मला नवीन नव्हतं, पण असं तोंडातून आलेलं कधी ऐकलं नव्हतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक 'ch' या अक्षरांचा उच्चार 'च' असाच करत. पुढे लिस्बनने तो 'श' करून टाकला, उत्तरेकडच्या डोंगरांत मात्र 'च' टिकून राहिला. आणि कोकणात. आपण त्यांच्याकडून शब्द घेतला तेव्हाचा त्यांचा उच्चार आपण जपून ठेवला आणि त्यांनी तो हरवला. आईला हे समजावलं. तिला ते फार आवडलं. मग ती प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून मराठीत नाव सांगू लागली आणि म्हातारा ओळखू लागला. घमेलं: 'गामेला', बरोबर. बादली: 'बाल्द', बरोबर. बशी: यावर तो अडला. मग त्याने मागून हात धुवायचं एक मोठं पसरट भांडं काढलं. 'बासिया.' आपली बशी तिकडे पाण्याने भरलेली होती. कोयंड्यावर मात्र दोघांचं जमलं नाही. किल्लीचे त्याने पाच युरो सांगितले, आईने तीन दिले, त्याने चार समजून घेतले. म्हणजे मी एक दिला.

मठात आत निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. त्यातली अडतीस ला फॉन्तेन या फ्रेंच कवीच्या प्राणिकथांची. कोल्हे, सिंह, पक्षी. आई पाटीखालचं काही वाचू शकत नव्हती, तरी चित्रं बघून गोष्टी सांगत होती. काही चुकल्याही असतील. ला फॉन्तेनने १६७८ च्या संग्रहाच्या सुरुवातीलाच पिल्पै नावाच्या भारतीय ऋषीचे आभार मानले आहेत. म्हणजे पंचतंत्र इराण, अरबस्तान, फ्रान्स असं फिरून इथल्या भिंतीवर निळं होऊन बसलं आहे.

पण आम्ही आलो होतो कॅथरीन ऑफ ब्रगांझासाठी. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रगांझा राजघराण्याच्या शवपेट्या ठेवलेल्या आहेत. साध्या, संगमरवरी, ओळीने. त्यातच कॅथरीन. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं तेव्हा, १६६१ च्या तहात, मुंबई आंदणात गेली. विधवा झाल्यावर ती माहेरी परतली आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी वारली. त्या काळी मुंबईपेक्षा वसईचा थाट मोठा होता. आंदण देताना धाकटं दिलं, मोठं ठेवून घेतलं. पुढे इंग्रजांनी धाकट्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आई पेटीसमोर काठी टेकून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी इतिहासाचं बोलेल. "हिच्या लग्नापायी," ती म्हणाली, "तुझ्या बाबांना तेहतीस वर्षं सात अडतीसची लोकल धरावी लागली."

बाहेर आल्यावर मागे सांता एन्ग्रासियाचा पांढरा घुमट दिसतो. आत राष्ट्रीय स्मारक आहे, फादो, म्हणजे इथली उदास गाणी, गाणारी आमालिया रोद्रिगिश तिथे पुरलेली आहे. हे बांधकाम १६८२ ला सुरू झालं आणि १९६६ ला संपलं. रखडलेल्या कुठल्याही कामाला पोर्तुगीज लोक 'सांता एन्ग्रासियाचं काम' म्हणतात. आमच्या स्टेशनजवळच्या पुलाला हे नाव द्यायला हरकत नाही.

तिथून अठ्ठावीस नंबरच्या ट्रामच्या रुळांच्या कडेने पोर्ताश दु सोलकडे निघालो. पिवळी, लाकडी, टुमदार ट्राम. एका ठिकाणी रस्ता इतका अरुंद आहे की ट्राम आली की माणसांनी भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. आतले प्रवासी बाहेरच्यांचे फोटो काढतात, बाहेरचे आतल्यांचे. याच्या पुढच्या वळणावर मी पडले. आई नाही, मी. लिस्बनच्या फुटपाथांवर चुनखडीचे सुपारीएवढे ते लिंबाएवढे पांढरे चौकोनी तुकडे हाताने बसवलेले असतात, मधूनमधून काळ्यांची नक्षी. दिसायला देखणे, पण वर्षानुवर्षांच्या तळव्यांनी साबणासारखे गुळगुळीत. कोपर खरवडलं. आईने पदराने पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणून मी काठी आणते."

पोर्ताश दु सोलच्या कठड्यावरून सगळा अल्फामा पायाखाली येतो. लाल कौलांची उतरंड, मध्ये दोन-चार पांढरे मनोरे, खाली तेजु नदी. नदी कसली, खाडीच. तिथे संत व्हिसेंतचा पुतळा आहे, हातात गलबत आणि त्यावर दोन कावळे. त्याचं शव गलबतातून आणताना कावळ्यांनी राखण केली अशी कथा, आणि शहराच्या मुद्रेवर आजही तेच गलबत, तेच कावळे. दोन पावलांवर सांता लुझिया. तिथल्या भिंतीवर फरशांचं एक मोठं चित्र आहे: नदीकाठचा राजवाड्याचा चौक, भूकंपाच्या आधीचा. समोर पाहिलं तर खरी नदी, भिंतीवर पाहिलं तर नसलेला राजवाडा.

मग पायऱ्या. इथून पुढे नकाशाचा उपयोग नाही. बोळ कोपऱ्यावर जिना होतो, जिना कुणाच्या तरी दारात संपतो, दाराशेजारून पुन्हा हातभर रुंदीची वाट फुटते. वर दोन्हीकडच्या खिडक्यांतून दोऱ्या आणि त्यांवर चादरी, जर्सी, कुणाचे तरी सहा सारखे मोजे. जूनचा पहिला आठवडा, संत आन्तोनियोची जत्रा जवळ आलेली, त्यामुळे सगळीकडे रंगीत कागदाच्या झिरमिळ्या. एका बोळात सार्वजनिक धुण्याची जागा अजून वापरात होती. दगडी हौद, तिरके पाट, साबणाचा वास. वर पत्र्याच्या शेगडीवर कुणीतरी सार्डीन भाजत होतं. तारलीच ती, फक्त खवले न काढता जाड मिठात घोळून निखाऱ्यावर. आईने बघूनच सांगितलं, "ताजी आहे, डोळा बघ."

आणि याच बोळांत मला किल्ल्यातलं आमचं गाव दिसायला लागलं. वसईच्या किल्ल्यात दाराची कमान उभी आहे पण दार नाही. भिंतीत कोनाडा आहे, कशासाठी ते माहीत नाही. तीन पायऱ्या चढतात आणि हवेत संपतात. लहानपणी आम्ही त्या पायऱ्यांवरून उड्या मारायचो. इथे तशाच तीन पायऱ्या, पण वर हिरवं दार, दाराला लेसचा पडदा, आत टीव्हीवर फुटबॉल. कोनाड्यात संत आन्तोनियो आणि त्याच्यापुढे प्लॅस्टिकची फुलं. म्हणजे हे असं होतं तर. मी आईला म्हटलं, ती म्हणाली, "मला मघाशीच कळलं. पण तू पडलेलीस, म्हणून बोलले नाही."

मात्र सगळीच दारं तशी नव्हती. पुष्कळ दारांच्या चौकटीला आकडे फिरवायचं कुलूप असलेली छोटी डबी लटकलेली असते. त्यात घराची चावी. पाहुणा येतो, फोनवर आलेला आकडा जुळवतो, चावी काढतो, दोन दिवस राहतो, जातो. काही ठिकाणी भिंतींवर इथल्या जुन्या रहिवाशांचे फोटो लावले आहेत, म्हाताऱ्या बायका, टोपीवाले बाप्ये. फोटो बरेच आणि माणसं कमी, असं झालंय. दगडांवरून चाकांच्या बॅगा घरंगळल्याचा खडखडाट दिवसभर चालू असतो. आमच्याही बॅगा कालच तशा खडखडल्या होत्या, तेव्हा मी यावर फार बोलू नये.

एका दारात एक बाई छोटं टेबल मांडून बसल्या होत्या. आईच्याच वयाच्या, वर फुलाफुलांचा ॲप्रन. टेबलावर जिन्झिन्या, म्हणजे आंबट चेरीची गोड दारू, घोटभर पेल्यांतून. शेजारी मातीच्या कुंडीत एक गोल झुडूप, वर कागदी फूल आणि काडीला चिकटवलेला चार ओळींचा कविता-कागद. मान्झेरिकु. जत्रेत हे प्रियजनांना देतात. आईने पान बघितलं आणि थेट नाक खुपसायला वाकली, तशी बाई ओरडल्याच. "नाऊं, नाऊं!" मग त्यांनी दाखवलं: नाक लावायचं नाही, झाड कोमेजतं. तळहात हलकेच झाडावर फिरवायचा आणि मग तळहात हुंगायचा. आईने तसं केलं. डोळे मिटले. "तुळस नाही," ती म्हणाली, "सब्जा. आपला सब्जाच, पण केस कापलेला."

आईने दारू घेतली नाही, मी घेतली. चांगली होती, तळाला एक चेरी. तोवर आईने पिशवीतून सुकेळ्यांचं पुडकं काढलं होतं. वसईची सुकेळी तिने फ्रँकफर्टलाही नेली होती आणि इथेही आणली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी तपकिरी होईपर्यंत, मग केळीच्या सोपटात बांधायची. आता करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाईंनी एक हातात घेऊन दाबलं, उलटसुलट केलं. "फिगु?" अंजीर? आई म्हणाली, "बनाना." बाईंचा विश्वास बसला नाही. चावल्यावर बसला. मग त्या आत गेल्या आणि नवऱ्याला घेऊन आल्या. त्याला अर्धं मिळालं. दारूचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आईने मग आणखी दोन सुकेळी टेबलावर ठेवली, कारण उपकार अंगावर ठेवायचे नसतात, आणि त्यांनी मान्झेरिकुची एक काडी तोडून आईच्या अंबाड्यात खोवली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. निघताना आई "येते हां" म्हणाली.

खाली सपाटीला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ऊन दुपारी दोनचं वाटावं तसं. फादोच्या संग्रहालयासमोर बाकावर अर्धा तास बसलो. आत गेलो नाही, आईचे गुडघे संपले होते. शेजारच्या खानावळीत कुणीतरी बारा तारांची पोर्तुगीज गिटार जुळवत होतं, तेवढा फादो आमच्या वाट्याला आला.

नदीच्या कडेने पुढे शाफारीश देल-रै. राजाचं कारंजं म्हणतात त्याला, पण आहे पाणवठा. दगडी भिंतीत सहा तोट्या. आम्ही गेलो तेव्हा कोरड्या. १५५१ साली नगरपालिकेने नियम केला की कोणती तोटी कुणाची. एक काळ्या, मुलाटो म्हणजे मिश्र वंशाच्या, आणि इंडियन पुरुषांची, मग ते गुलाम असोत की सुटलेले. एक गल्बतावर वल्ही मारणाऱ्या मूरांची. गोऱ्या पुरुषांच्या वेगळ्या, काळ्या आणि इंडियन बायकांची वेगळी, गोऱ्या बायकांची शेवटची. पाणी एकाच झऱ्याचं. मी वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही, फक्त सहा तोट्या एकेक करून बोटाने मोजल्या. महाडला तळ्यावर ती शाळेच्या मुलांना घेऊन गेली होती, तेव्हा मीही त्या सहलीत होते. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे हे यांना कुणाकडून शिकावं लागलं नाही."

त्याच रस्त्याला कासा दुश बिकुश. समोरची सगळी भिंत टोकदार दगडांची, फणसासारखी. १५२३ मध्ये बांधली ब्राश द आल्बुकेर्कने. याचा बाप अफोन्सु द आल्बुकेर्क, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला आणि ज्याच्या नावावरून हापूस हे नाव पडलं असं आपण मानतो. बाप १५१५ ला गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावरच वारला. मुलाने इटलीत बघितलेल्या वाड्यांसारखं घर बांधलं. भूकंपात वरचे मजले गेले, ते गेल्या शतकात पुन्हा चढवले. आज आत जुझे सारामागु या नोबेल मिळालेल्या लेखकाची संस्था आहे आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची राख. हे झाडही त्याच्या जन्मगावाहून आणलेलं. आईने फणसावर हात फिरवला. "आंबा बापाचा, फणस लेकाचा," म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाली.

शेवटचा चढ टाळता आला नाही. से, म्हणजे मुख्य चर्च, आणि त्याच्या पायाशी संत आन्तोनियोचं छोटं चर्च. त्याचा जन्म याच जागी झाला असं मानतात. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं जे चर्च आहे, जमिनीत कोरीव थडगी असलेलं, ते याच संताच्या नावाचं. त्या थडग्यांवरची अक्षरं आम्ही लहानपणी बोटाने गिरवायचो. इथे खाली तळघरात एक मेणबत्ती लावली. आई म्हणाली, "सांग त्याला, छप्पर गेलं पण भिंती आहेत." मी सांगितलं. मराठीत.

एकसष्ट पायऱ्या चढायला पाऊण तास लागला. मग बर्फ, मग तेल, मग झोप. खिडकीत नऊ वाजताही उजेड होता.

दिवस तिसरा, बुधवार

विमान संध्याकाळी. बेलेमला जायचं का विचारलं. तिथे वास्को द गामाचं थडगं आहे, आणि जिथे क्रीमची पेस्ट्री घ्यायला रांग लागते ते दुकानही. आई म्हणाली, "त्या गामाला भेटायला मी इतक्या लांब आले नाही." पेस्ट्री आम्ही कोपऱ्यावर घेतली. वर दालचिनीची पूड टाकून. छान लागते, पण तिच्यावर जगभर जितकं लिहिलं जातं तितकी नाही.

मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यांनी वर शियादुला निघालो. खाली सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. वर कार्मुचा चौक, नीलमोहर फुललेला, खाली जांभळा सडा. याच चौकातल्या पोलीस कचेरीत २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान मार्सेलु कायतानु लपून बसले होते आणि सैनिकांपुढे त्यांनी सत्ता सोडली. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली ती हीच क्रांती. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ते त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला, म्हणजे गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाल्यावर. एकसष्टच्या डिसेंबरात आई दहा वर्षांची होती. "पेढे वाटले शाळेत," ती म्हणाली. "अर्धा अर्धा."

कार्मुचं चर्च १३८९ मध्ये सुरू झालं. १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. आत शिरलं की दोन्हीकडे उंच टोकदार कमानी, वर फासळ्यांसारख्या दगडी पट्ट्या आणि त्यांच्या मधून नुसतं निळं आभाळ. खाली गवत, कडेला तुटके खांब. वसई आपण घेतल्यावर सोळा वर्षांनी इथलं छप्पर गेलं.

आई आत आल्यावर लगेच एका दगडावर जाऊन बसली. विचारलं नाही, दगड पुसला नाही, सहलीला आल्यासारखी. चप्पल काढली. मी फोटो काढत फिरत होते. टूर गाइड कुणाला तरी सांगत होती की अशी जागा जगात कुठे नाही. आईला मी ते सांगितलं.

"वडाची मुळं नाहीत," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आणि डबे उघडून बसलेली मुलं नाहीत. बाकी ठीक आहे."

विमानतळावर सामान तपासताना चावीपाशी अडकलो. अधिकाऱ्याने ट्रेमधून ती उचलली, उजेडात धरली, दात बघितले. मग हसला आणि म्हणाला, "बोनिता शाव्." आई माझ्याकडे वळली. "सांग त्याला, आधी तुमच्यातही 'च'च होता."

मी सांगितलं नाही, मागे रांग होती. चावी त्याने परत दिली. सुकेळ्यांचं पुडकं मात्र दोनदा मशीनमधून घातलं.